तेल प्यालेलं चामडं

सोफा घ्यायला आलेला माणूस आधी बसून बघत नाही, हात फिरवून बघतो. मग नखाने जरा टोकरतो, मग बायकोकडे बघतो, आणि मग मला विचारतो, "ओरिजनल ना?" शहापूरच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. तीसेक वर्षांत हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल, देव जाणे. उत्तर ठरलेलं होतं. "शंभर टक्के." विचारणाऱ्यालाही तेवढंच ऐकायचं असतं. ते ऐकलं की तो बसून बघतो.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, हॉलच्या सोफ्याला लेदर कसं निवडावं ते वाचकांना सोप्या भाषेत सांगा, मधे मधे गमतीजमती टाका. टाकतो. लेदर कसं निवडावं तेही सांगतो. पण एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं सांगणं म्हणजे पुन्हा "शंभर टक्के" म्हणणं होईल. ती गमतीची नाही. आधी धंद्याचं सांगून घेतो.

मी मूळचा मुरबाडकडचा, कुणब्याचा. भातशेतीत माझं काही जमेना म्हणून चुलत्याने मुंबईला नेलं आणि धारावीत एका म्हाताऱ्या कारागिराकडे सोडलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. वर्षभर त्यांनी मला सुईसुद्धा धरू दिली नाही. फक्त कातडी उलगडायची, हात फिरवायचा आणि सांगायचं की इथे मान, इथे पाठ, इथे पोट. चुकलं की डोक्यात टपली. घरी वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "चामडा जनावराच्या अंगावर बघावा रे, हातात नाय." आई मला सुट्टीत आलो की मागच्या दाराने न्हाणीत पाठवायची. "आधी हात धू, मग चुलीपाशी ये." असे दोन-तीन उन्हाळे गेले. पुढे मी घरात पंखा आणला, फ्रीज आणला, तेव्हा हात धुवायचं कोणी सांगेना. माणसं तीच, हातही तेच.

तर चामडं. अख्खी कातडी पसरली की तिच्यात जनावराचा सगळा जन्म दिसतो. पाठीचं चामडं दाट, घट्ट, ताणलं तरी जागेवर येणारं. बसायच्या गादीला हेच लावावं. पोटाचं सैल, बसून बसून त्याला झोळ येतो. मानेला घड्या असतात. कुठे काटा लागलेला असतो, कुठे गोचीड चावल्याचा बारीक ठिपका असतो. लोकांना हे डाग नको असतात. "मिस्त्री, हा पीस डागी आहे." अहो, डाग आहे म्हणजे ते जनावर होतं! एकसारखं, गुळगुळीत, एक ठिपका नसलेलं चामडं दिसलं तर तिथे थोडं थांबावं.

जाड कातडी मशीनवर चिरून थर काढतात. वरचा थर अस्सल. खालचा थर भुसभुशीत, त्यावर रंगाचा लेप देऊन वरच्यासारखा दाखवतात. त्याच्याही खाली, चामड्याचा भुगा कापडावर चिकटवलेला माल असतो. त्यालाही दुकानदार लेदरच म्हणतो, आणि कायद्याने कदाचित खोटंही बोलत नसेल. शेवटी रेक्झिन. कापड आणि त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा. हल्ली त्याला इंग्रजी नावं आली आहेत, पण मी रेक्झिनच म्हणतो.

ओळखायचं कसं? काडी लावून बघणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या नादी लागू नका. उलटी बाजू बघा. खऱ्या चामड्याच्या पाठीला बारीक तंतू असतात, खोट्याला कापडाचे धागे. नाहीतर अंगठ्याने दाबा. खऱ्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या उठतात आणि अंगठा उचलला की विरतात. रेक्झिनला नुसता खळगा पडतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आपलं डोकं. आपल्याकडे माणूस केसांना तेल चोपडून सोफ्यावर मान टाकतो. खरं चामडं ते तेल पितं, तिथे काळपट होतं, पण मऊ राहतं. रेक्झिन तेल पीत नाही. तेल वर राहतं, त्याला धूळ चिकटते, ते चिकट होतं आणि एक दिवस पापुद्रा सुटतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या भागात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे दमट हवा. मुरबाडकडे एका मुंबईच्या साहेबांचं फार्महाऊस होतं. त्यांना पांढरं लेदर हवं होतं, तेही वर काहीही लेप नसलेलं, उघडं. मी म्हटलं, साहेब, इथे चार महिने भिंतीला पाणी सुटतं, हे नका घेऊ. ते म्हणाले, "तुम्ही फक्त बनवा." बनवलं. जूनला घर बंद करून गेले ते गणपतीच्या तोंडावर उगवले, आणि मला फोन. "अहो, सोफ्यावर गवत आलंय!" हिरवी बुरशी वीतभर पसरली होती. पंधरा दिवस पुसत बसलो. म्हणून सांगतो, आपल्याकडे जरा लेप असलेलं, जाड, गडद रंगाचं घ्यावं, आणि खिडकी उघडी ठेवावी. एवढं साधं आहे.

दुसरे एक माळकरी गृहस्थ. त्यांना दिसायला लेदर हवं होतं, पण जनावराचं नको होतं. मी म्हटलं, मग रेक्झिन लावतो, पण तीन वर्षांनी सोलेल. "चालेल." तीन वर्षांनी सोललं. तर बाजारात भर गर्दीत मला धरून म्हणाले, "तुम्ही आम्हाला फसवलंत." आयुष्यात ज्या गिऱ्हाइकाला मी अक्षर न् अक्षर खरं सांगितलं, त्याने मला लबाड म्हटलं. हसू आलं, पण त्या दिवसानंतर खरं सांगायची माझी हौस जरा कमीच झाली. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगतो.

तर आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती आता सांगून टाकतो. बूड टेकतं तिथे खरं चामडं लावायचं. हातांना, बाजूला, पाठीला त्याच रंगाचं रेक्झिन. रंग असा जुळवायचा की शिवणारा स्वतः फसावा. मोठ्या शोरूममध्ये हे बिलावर बारीक अक्षरात लिहितात. आम्ही बिलही लिहीत नव्हतो आणि बारीक अक्षरही नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, लेदरच पाहिजे, पण एवढ्या पैशातच बसवा. आम्ही बसवायचो.

डोळखांबच्या अलीकडे एक गाव आहे. तिथला एक माणूस, सुरेश म्हणू, माझ्याकडे आला. घरची शेतजमीन रस्त्यात गेली होती, मोबदला आला होता. जुन्या कौलारू घराच्या जागी स्लॅबचा बंगला झाला होता, दारात जेसीबी उभा होता, आणि आता हॉलमध्ये सोफा हवा होता. कुठल्याशा बिल्डरच्या ऑफिसात त्याने तपकिरी लेदरचा सोफा पाहिला होता. "तसाच पायजे मिस्तरी. माणूस बसला का गप झाला पायजे."

त्याच्यासोबत त्याचे वडील आले होते. त्यांना सगळे बाबाच म्हणायचे. सत्तरी ओलांडलेली, अंगावर बंडी, पायात करकरणाऱ्या चामडी वहाणा. सुरेश खुर्चीत बसला. बाबा माझ्या कातड्यांच्या थप्पीपुढे उकिडवे बसले आणि एकेक उलटून बघायला लागले. आधी वास घेतला. मग उलट्या बाजूवर बोट फिरवलं. मग अंगठा दाबला. चाचांनंतर असा माणूस मी पाहिला नव्हता. एका कातडीवर ते थांबले.

"ह्याला गोचीड लागली होती रे. मानेखाली बघ. म्हस हाय, दुभती. भारी हाय."

"बाबा, डागवाला नको," सुरेश म्हणाला.

"डाग नाय तो, खूण हाय. आपल्या वाद्या कशाच्या होत्या? अशाच."

वाद्या म्हणजे बैलाच्या जुवाला बांधायचे चामड्याचे पट्टे. बाबांनी जन्मभर दोन बैल सांभाळले होते आणि वाद्या स्वतः कापून केल्या होत्या. दरवर्षी मिरगाआधी, म्हणजे पावसाच्या तोंडावर, त्या उतरवून करंजाचं तेल चोळायचे. "माजी एक वादी बावीस वरसा चालली," ते मला म्हणाले. जमीन गेली तेव्हा बैल विकले. वाद्या बैलांबरोबर गेल्या. तेलाची बाटली तेवढी राहिली होती, हे मला नंतर कळलं.

कातडी बाबांनी निवडलेलीच घेतली. सुरेश कबूल झाला, कारण डागी माल जरा स्वस्त मिळतो. मी मात्र ती फक्त बसायच्या गाद्यांना लावली. बाकी सगळं रेक्झिन. पाठ, हात, बाजू, सगळं. रंग असा जुळला होता की माझाच मला अभिमान वाटला. खोटं सांगत नाही, त्या आठवड्यात मी तो सोफा दोन-तीन गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवला.

दिवाळीच्या आधी सोफा पोचवला. दोघांनी उचलून आत घेतला, मी खाली वाकून सोफ्याच्या पायांचे नट आवळत होतो. बाबा बाजूला उभे. सोफ्यावरून हात फिरवत होते, पण बसत नव्हते. सुरेशची बायको रंजना म्हणाली, "बसा ना बाबा." ते म्हणाले, "बसन गो, घाई काय." मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "मिस्तरी, चामडा खरा हाय ना रे सगला?"

"शंभर टक्के, बाबा. तुम्हीच तर निवडलंत."

"मग तेल लावायचा ना याला? मिरगाआधी?"

मी पाना फिरवत होतो. मान वर न करता म्हणालो, "हो हो, लावा की. चामडंच आहे ते."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. नको म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं का नको, आणि ज्याला गोचिडीचा ठिपका दिसतो त्याला काय सांगणार? म्हणून हो म्हटलं. टेम्पो रिकामा झाला, चहा प्यालो, निघालो. गेटपाशी वळून बघितलं तर बाबा अजून सोफ्याजवळ उभे होते.

पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या शेवटी, सकाळीच सुरेशचा फोन आला. आवाज चढलेला. "मिस्तरी, आत्ताच्या आत्ता या. बाबांनी सोफ्याची वाट लावली."

झालं होतं ते असं. सुरेशच्या थोरल्या मुलीला बघायला भिवंडीकडची माणसं येणार होती. दोन दिवस आधी घर रिकामं असताना बाबांनी बाटली काढली आणि अख्ख्या सोफ्याला करंजाचं तेल चोळलं. मन लावून, खाचाखोचांत बोट घालून. बैल गेल्यापासून त्यांना तेल लावायला काही उरलं नव्हतं, मिरग जवळ आला होता आणि हातांना सवय होती. सगळ्यांनी वास आला म्हणून फडक्याने पुसलं. पण पाहुणे आले तेव्हा मुलाची आई सोफ्याच्या कडेला बसली, हात टेकवून. उठली तेव्हा तिच्या बाहीला आणि फिक्या साडीच्या पदराला तेलकट तपकिरी पट्टा होता. रंगही उतरला होता, तेलही. करंजाच्या तेलाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पाहुणे पोह्यांना नुसता हात लावून "कळवतो" म्हणून गेले.

मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये सुरेश, रंजना आणि सुरेशचा मेहुणा उभे होते. बाबा बाहेरच्या पायरीवर, गुडघे उभे करून, दाराकडे तोंड करून बसले होते. बाटली शेजारी.

"बघा," सुरेश म्हणाला. "बघा काय करून ठेवलाय."

मी बघितलं. सोफा उघडं पुस्तक झाला होता. बसायच्या गाद्यांनी तेल पिऊन टाकलं होतं. तिथे चामडं गडद, मऊ, जिवंत दिसत होतं. नुकतं चोळलेलं तेल दोन-चार दिवस कपड्याला लागतं, पण ते जिरतं आणि चामडं सुखावतं. हात आणि पाठ मात्र चिकचिकीत झाली होती. तेल वरच्या वर थांबलेलं, त्यावर धूळ, आणि हातांच्या कडेला लेप फुगून आलेला. ज्याला चार अक्षरं कळतात त्याला कुठे खरं आणि कुठे खोटं ते दारातून वाचता आलं असतं. त्या घरात असं वाचता येणारा एकच माणूस होता आणि तो पायरीवर बसला होता.

बाबा तिथूनच बोलले. आवाज अगदी साधा. "मिस्तरी, ह्या बसायच्या जागंनी तेल पिला. हातांनी नाय पिला. असा कसा रे?"

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना प्रश्न कळला नव्हता, ते फक्त उत्तराची वाट बघत होते. बाबांना मात्र प्रश्नही माहीत होता आणि मला वाटतं उत्तरही. एक वाक्य होतं. "बाबा, ते चामडं नाही, ते मी खोटं लावलंय." एवढंच बोलायचं होतं. सुरेशने मला शिव्या घातल्या असत्या, चार पोरं बोलावून दुकानात आला असता, बाजारात नाव गेलं असतं. गेलं असतं तर गेलं असतं. त्या म्हाताऱ्याची मान त्याच्या घरात ताठ राहिली असती.

मी म्हणालो, "बाबा, हल्लीच्या चामड्याला तेल चालत नाही. त्याला वेगळं लिक्विड येतं. तेलाने खराब होतं ते."

"ऐकलात?" सुरेश पायरीकडे वळला. "आता तरी ऐकलात? किती येळा सांगायचा, नव्या वस्तूंना हात लावत जाऊ नका म्हणून!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. लावा की, चामडंच आहे ते, असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्या क्षणी ते बोलले असते तर मी काय तोंड दाखवलं असतं? पण त्यांनी ते चारचौघांत काढलं नाही. बाटलीचं झाकण लावलं. "मंजे माजा चुकला," म्हणाले आणि उठून मागच्या बाजूला गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. चोर मीच होतो. त्या दिवशी मी चार तास बसून सोफा साबणाच्या पाण्याने पुसला, हातांचा फुगलेला भाग बदलून दिला, तेही रेक्झिननेच. पैसे घेतले नाहीत. सुरेश एवढा खूश झाला की म्हणाला, "आजकाल अशी माणसा ऱ्हायली नाय." त्याच्यामुळे मला त्या गावात आणखी दोन सोफे मिळाले. ते मी केले.

भिवंडीच्या माणसांनी नकार कळवला. तेलामुळेच कळवला असं कोणी म्हणालं नाही, पण घरात तसंच धरलं गेलं. मुलीचं पुढे दुसरीकडे चांगलं झालं, मी लग्नाला गेलो होतो. तेव्हा बाबा मांडवाच्या बाहेर खुर्चीवर बसले होते. कोणी काही विचारत नव्हतं. विहिरीच्या मोटारीचं काही बोलले तर नातू म्हणायचा, "बाबा, तुमी नका सांगू, तेल लावाल." सगळे हसायचे. बाबाही हसायचे. गावात त्यांचं नाव तेलवाले बाबा पडलं. ज्या माणसाला विचारल्याशिवाय गावात कोणी बैल घेत नसे, त्याला आता पंख्याचं बटणसुद्धा दाबू देत नव्हते. झोपायला त्यांनी स्वतःच मागच्या रिकाम्या गोठ्यात खाट टाकली होती.

मला बघून त्यांनी हात वर केला. "बरा हायस ना, मिस्तरी?" मी हो म्हटलं आणि पंगतीत जाऊन बसलो.

दुकान मी आता विकलंय. अंगठ्याचे सांधे गेलेत, सुई धरवत नाही. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मागच्या वर्षी बाबा गेल्याचं कळलं. बाराव्याला गेलो. जाताना गाडीत पक्कं ठरवलं होतं की आज बोलायचं. पानं वाढायला अवकाश होता. सुरेशला बाजूला घेतलं, गोठ्याकडे. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. खरं चामडं किती, खोटं किती, आणि तेल लावा म्हणून मीच सांगितलं होतं, तेही.

सुरेश म्हणाला, "म्हायत हाय मना."

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्या पावसात पाठ सोलली ना. कल्यानचा एक मानूस बोलावला होता. त्यानं उलटा करून दाखवला. रेक्झिन हाय म्हनाला."

"मग बाबांना सांगितलंस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा मीच वेडा आहे. "काय सांगू? गावभर झाला होता, बाबांनी सोफा घालवला म्हणून. आता सांगत फिरू का, मी फसलो? जेसीबीवाला मानूस मी, रेक्झिन कळला नाय?" मग म्हणाला, "तुमाला तरी काय बोलणार होतो? झाकली मूठ."

म्हणजे सात-आठ वर्षं आम्ही दोघं जाणत होतो. तो त्याच्या घरी गप्प, मी माझ्या दुकानात गप्प. आणि मधे तो म्हातारा.

सोफा गोठ्यातच होता, बाबांच्या खाटेशेजारी. पाठीचा पापुद्रा झडून कापड उघडं पडलेलं, हातांची लक्तरं लोंबत होती. एका टोकाला कोंबडीने घर केलं होतं. मी वाकलो आणि बसायच्या गादीवर हात ठेवला. गडद, थंड, मऊ. शिवण एक उसवलेली नव्हती. अंगठा दाबला, भोवती सुरकुत्या उठल्या. उचलला, विरल्या. एका कडेला तो गोचिडीचा ठिपका होता. खिडकीत करंजाच्या तेलाची बाटली होती, अर्धी भरलेली, झाकण घट्ट लावलेलं. म्हणजे सोफा टाकून दिल्यावरही बाबा दरवर्षी मिरगाआधी त्याला तेल लावत होते. फक्त गाद्यांना. हातांना, पाठीला बोट लावलेलं नव्हतं.

तेवढ्यात कसाऱ्याची एक म्हातारी पाहुणी गोठ्याच्या दारात आली. "अगो बाय, एवढा भारी सोफा गुरांत कशाला टाकलाव?"

रंजना मागून म्हणाली, "बाबांनी तेल लावून घालवला ना तो. हे मिस्तरीच हायेत बगा, त्यांनाच इचारा."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. सुरेशनेही बघितलं आणि लगेच जमिनीकडे बघितलं. अंगणात बाबांच्या फोटोला हार घातलेला इथून दिसत होता. मी तोंड उघडलं. ठरवून आलो होतो. आत्ता पाच मिनिटांपूर्वी बोललोही होतो.

"हो," मी म्हणालो. "तेल चालत नाही त्याला."

मग पानं वाढली, मी जेवलो.

तर संपादकबाई, सोफ्याचं लेदर निवडायचं ते असं. उलटी बाजू बघा, अंगठा दाबा, डागाला घाबरू नका, पाठीचं चामडं बसायला घ्या आणि मिस्त्री शंभर टक्के म्हणाला तर सगळीकडे दाबून बघा, नुसतं बसायच्या जागी नाही. आणि बाबांचं बरोबर होतं. तो सोफा तेलाने गेला नाही, माझ्यामुळे गेला. हे मी त्या हॉलमध्ये बोलायला हवं होतं. ते नाही तर निदान बाराव्याला, त्या म्हातारीसमोर. तिथे बोललो नाही, इथे लिहितोय. त्या गावात दिवाळी अंक येत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. आणि नावंही मी बदलली आहेत.